तात्यांची वही आणि महालक्ष्मीचा कठडा



गिरणी कामगारांच्या इतिहासावर बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कळविले. त्यांच्या मनात संप, मोर्चे आणि हुतात्मे असणार, हे आम्ही जाणतो. त्या विषयावर आमच्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत आणि बोलतील. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि चाळीच्या वाचनालयात झाले. तेव्हा मोठ्या ग्रंथांवर भाष्य करण्याचा आव आम्ही आणणार नाही. आज आम्ही आपल्यापुढे एक वही ठेवणार आहोत. ती रेसच्या घोड्यांवर पैसे लावणाऱ्या एका विणकराची आहे. जुगारी माणसाच्या वहीत इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. त्याने घटकाभर धीर धरावा, एवढीच विनंती.

हे गृहस्थ लोअर परळला आमच्याच मजल्यावर राहत. सारी चाळ त्यांना तात्या म्हणे. गिरणीत ते दोन साचे चालवीत. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही, आणि गावची मनिऑर्डर सहसा चुकविली नाही. व्यसन एकच. नोव्हेंबर उजाडला, की मुंबईचा मोसम सुरू होई आणि तात्यांचा रविवार महालक्ष्मीच्या नावे जमा होई. पावसाळ्यात शर्यती पुण्याला जात. तेव्हा तात्या घरी बसून पुण्याचे निकाल वर्तमानपत्रातून उतरवून घेत. काकू म्हणत, "ह्यांचा चातुर्मास तेवढा सोवळा."

पुढे तात्या वारल्यावर काकूंनी ती वही आमच्या हाती दिली. "तू हिशेबाचा माणूस, तूच ठेव," एवढेच त्या म्हणाल्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी चौकट आखून पुढच्या रविवारचे घोडे. अक्षर सुरेख. 1980-81 च्या मोसमाचा हिशेब आम्ही बेरीज करून पाहिला. बावीस रविवार. लावलेले 1460 रुपये. परत आलेले 1092 रुपये. तोटा 368 रुपये. बावीसांपैकी सहाच रविवारी जमेची बाजू जड आहे, आणि त्यांतल्या एकाच रविवारी 410 रुपये आले आहेत. त्या पैशांतून भिंतीवरचे घड्याळ आले. ते आम्हांला अजून आठवते, कारण सारी चाळ ते पाहायला गेली होती. पेढेही वाटले होते. 368 रुपये गेले, हे मात्र चाळीत कोणाला कधी कळले नाही. तो त्यांचा जवळजवळ पंधरा दिवसांचा पगार होता.

तात्या ज्या मैदानावर जात, ते काही आकाशातून पडले नव्हते. मुंबईच्या शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्याला होत. 1802 मध्ये बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला. गोरे अंमलदार, फौजी अधिकारी आणि व्यापारी यांची ती करमणूक होती. इराणी आखातातून गलबतांनी अरबी घोडे येत, आणि त्यांच्या व्यापारावर या शहरात पुष्कळांचे पोट चाले. 1883 मध्ये महालक्ष्मीचे मैदान उभे राहिले. त्याच सुमारास आसपासच्या परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी वाढत होती. मैदान आणि धुराडी यांच्यामध्ये चालत जाण्याएवढेच अंतर होते, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1887 मध्ये, मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक कायदा झाला. चाळीच्या जिन्याखाली पत्ते कुटणाऱ्यास शिक्षा ठरली. या शहरात त्या काळी पावसावरही पैजा लागत. अमुक वेळेपर्यंत पाऊस पडेल की नाही, यावर हजारो रुपये फिरत. 1890 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तोही जुगार बंद केला. पण घोड्यांच्या शर्यतीसाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले. ठरलेल्या मैदानात, ठरलेल्या जागी, शर्यतीच्याच दिवशी लावलेली पैज जुगार ठरत नाही. 1912 मध्ये शर्यतीच्या मैदानांना परवाने देण्याचा कायदा आला आणि 1925 मध्ये पैजेवर कर बसविणारा. म्हणजे महालक्ष्मीच्या कठड्याच्या आत दहा रुपये लावणारा तो शौकीन आणि करदाता, आणि त्याच घोड्यावर तेच दहा रुपये कठड्याबाहेर पानवाल्याजवळ लावणारा तो गुन्हेगार.

ही रीत आपल्याकडे इंग्लंडातून आली. तेथे 1906 च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैसे घेऊन पैज घेणे गुन्हा ठरविला. कामगाराजवळ असे ती रोकडच. ज्याची पत होती, तो मात्र घरी बसून बुकीकडे उधारीवर पैज लावू शके. त्याला कायद्याचा धक्का लागत नसे. हा भेद पुढे 1960 च्या कायद्याने मोडला आणि 1961 मध्ये तेथे पैजेची परवानाधारक दुकाने उघडली. पन्नासाहून अधिक वर्षे इंग्रज कामगाराची पैज पोलिसांच्या भीतीने गल्लीबोळांतून चालली. आम्ही पैजेची तरफदारी करीत नाही. कायद्याच्या तराजूत दोन पारडी होती, एवढेच दाखवितो.

आता घोडे कोणाचे, ते पाहू. राजेरजवाड्यांचे तर होतेच. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 मध्ये एक शिंगरू 28,000 गिनींना विकत घेतले. त्याचे नाव सयाजीराव ठेवले आणि 1947 मध्ये त्याने इंग्लंडातील सेंट लेजर जिंकली. महालक्ष्मीची पहिली इंडियन डर्बी 1943 मध्ये झाली, तीही बडोद्याच्याच घोडीने मारली. प्रिन्सेस ब्यूटिफुल हे तिचे नाव. त्याच 1943 साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती.

पण कामगाराच्या दृष्टीने अधिक बोलके नाव सर व्हिक्टर ससून यांचे आहे. मुंबईतल्या मोठ्या गिरणीमालक घराण्याचे ते वंशज. घोड्यांचे वेड असे, की पुढे 1953 ते 1960 या आठ वर्षांत त्यांच्या घोड्यांनी एप्समची डर्बी चार वेळा जिंकली: पिन्झा, क्रेपेलो, हार्ड रिडन आणि सेंट पॅडी. हेच सर व्हिक्टर 1929 मध्ये नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनचे, म्हणजे व्हिटली कमिशनचे, सभासद होते. आदल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला होता. ट्रेड युनियन काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात कमिशनवर बहिष्कार घातला. त्या प्रश्नावर संघटनेत फूट पडली. ना. म. जोशी मात्र कमिशनवर राहिले. तेव्हा एकाच मेजाभोवती घोड्यांचा मालक आणि कामगारांचा कैवारी असे दोघे बसले, आणि 1931 मध्ये अहवाल बाहेर आला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

रुपयास महिना एक आणा, हा तेव्हाचा चालू व्याजाचा दर. वर्षाचे शेकडा 75 झाले. आता विचार करा. ज्याच्या डोक्यावर तीन महिन्यांच्या पगाराएवढे कर्ज आहे आणि त्यावर शेकडा 75 व्याज चढते आहे, त्याने काटकसर करून कर्ज फेडायचे म्हटले तर किती वर्षे लागतील? पगारातून ते फिटत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळते. मग एका रुपयाचे दहा रुपये एका दुपारी करून देणारी जागा त्याच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असेल, तर तो तेथे जातो. मूर्ख आहे म्हणून जातो, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याचे व्याज मोजावे.

तात्यांच्या वहीतही मागच्या बाजूस एक पान आहे. 'घेतले 200, दरमहा शेकडा दहा.' शर्यतीच्या तोट्यात ही रक्कम त्यांनी धरलेली नाही. मैदानाचे तिकीट, चहा, शर्यतीचे छापील पुस्तक, हेही धरलेले नाही. जिंकणे-हरणे घोड्यांच्या खात्यावर. बाकी सारे घराच्या खात्यावर. हिशेब चोख ठेवणारा माणूसही हिशेबाची हद्द कोठे आखतो, यावर सारे अवलंबून असते.

लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, "तात्या, एवढा अभ्यास करता, मग हरता कसे?" ते हसून म्हणाले, "पोरा, मी हरत नाही. घोडा हरतो."

त्यांचा अभ्यास खोटा नव्हता. मागच्या धावा, जमीन ओली की कोरडी, पाठीवर वजन किती, पांडू खाडे बसणार की शामू चव्हाण, सारे ते टिपून ठेवीत. हे कौशल्य आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. तामिळनाडूच्या द्रमुक सरकारने 1974 मध्ये शर्यतीवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला. तो वाद चालत चालत दिल्लीस गेला आणि 1996 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. निकालाचा आम्ही मान राखतो. पण कौशल्य असूनही कौशल्याचा मोबदला कोणाच्या खिशात जातो, हा कामगाराचा जुना प्रश्न आहे, आणि तो येथेही विचारता येतो.

प्रथम वजनाची गोष्ट. ज्या शर्यतीला हँडिकॅप म्हणतात, तिच्यात चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि सामान्य घोड्यावर कमी वजन चढवितात. साऱ्यांनी एका रेषेत यावे, हा त्यातला हेतू. म्हणजे कोण सरस हे ओळखण्याचे तात्यांचे कौशल्य जेवढे खरे, तेवढे ते पुसून टाकण्यासाठी एक पगारी अधिकारी नेमलेला.

दुसरी गोष्ट टोटची. पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या गृहस्थाने 1860 नंतरच्या दशकात ही पद्धत काढली. साऱ्यांचे पैसे एका राशीत टाकायचे, राशीतून आधी कपात करायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. त्याचे स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्यूलियस या अभियंत्याने बनविले आणि 1913 मध्ये न्यूझीलंडात ऑकलंडला ते प्रथम चालले. गंमत अशी, की ज्यूलियसने ते यंत्र मुळात निवडणुकीतली मते मोजण्यासाठी योजले होते. ते सरकारने घेतले नाही, तेव्हा त्याने ते शर्यतीकडे वळविले.

या यंत्रात घोडा कोणताही येवो, कपात आधी होते. समजा, रुपयामागे वीस पैसे कापले जातात. शंभर रुपये घेऊन आलेल्या माणसाने पहिल्या शर्यतीत सारे लावले, हाती आले ते दुसरीत लावले, आणि असे आठ शर्यती केले. तर सरासरी माणसाच्या हाती सायंकाळी सतरा रुपयेसुद्धा उरत नाहीत. एखाद्याच्या हाती पाचशे उरतील, आणि त्याचेच नाव सोमवारी गिरणीत निघेल. बाकीचे मुकाट्याने साच्यावर उभे राहतील.

आता पुन्हा तात्यांचा तोटा पाहा. 1460 मागे 368. म्हणजे रुपयामागे सुमारे पंचवीस पैसे. कर आणि कमिशन मिळून पैजेतून जेवढे कापले जाते, त्याच्याच आसपास हा आकडा येतो. आम्ही ही बेरीज प्रथम केली, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तात्या दुर्दैवी नव्हते, अडाणीही नव्हते. यंत्र ज्याच्याकडून जेवढे घेते, तेवढेच त्यांच्याकडून घेतले. बावीस रविवारांचा अभ्यास, जागरणे, देवाला बोललेले नारळ, या साऱ्यांचे फळ एवढेच, की ते सरासरी माणसाएवढे हरले.

या कपातीत सरकारही वाटेकरी आहे. 1925 च्या करापासून हे चालत आले. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर शर्यतीच्या पैजेवर शेकडा 28 कर बसला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो शेकडा 40 झाला. कर वाढला, की जुगार सुटतो, असे कोणास वाटत असेल. आमचा अनुभव असा, की माणूस कठड्याच्या आतून उठून कठड्याबाहेरच्या बुकीकडे जातो.

तात्यांच्या वहीचे शेवटचे भरलेले पान जानेवारी 1982 चे आहे. 18 जानेवारीला, सोमवारी, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तात्यांनी फेब्रुवारीतल्या डर्बीसाठी चौकट आखून तीन घोडे लिहून ठेवले होते. त्यांच्यापुढे ना जमा आहे, ना नावे. पगारच नव्हता. घड्याळ जूनमध्ये विकले. तो संप रीतसर मागे घेतला, असे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. तात्या पुन्हा साच्यावर गेले नाहीत, आणि महालक्ष्मीलाही गेले नाहीत.

संप हाही एक जुगारच होता, असे म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. हे बोल आम्हांस झोंबतात, म्हणूनच त्यांचे उत्तर टाळणे बरे नव्हे. संपात कामगार आपल्या श्रमाच्या जोरावर मागणी करतो. घोड्यावर पैसे लावणाऱ्याच्या हाती लगाम नसतो. हा फरक मोठा आहे. परंतु आम्हां संघटकांस स्वतःशी एक कबुली दिली पाहिजे. गेटसभेत उभे राहून आम्ही किती वेळा कामगारांपुढे खरा हिशेब मांडला? मालकाच्या गोदामात माल किती, आपल्या निधीत पैसे किती, किती महिने निभेल, आणि निभले नाही तर काय? हे न सांगता 'पुढच्या महिन्यात विजय नक्की' असे म्हणणारा पुढारी आणि रविवारी सकाळी कानात टिप सांगणारा दलाल यांच्यात ऐकणाऱ्याला फरक कसा कळावा? कोणाचे नाव घेऊन दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही अशी भाषणे केली आहेत.

हे सारे आज सांगण्याचे कारण अलीकडचे आहे. आमच्या युनियनमध्ये आता गोदामांतले आणि सफाईचे कंत्राटी कामगार आहेत. एका शाखेचा वर्गणी गोळा करणारा तरुण, सव्वीस वर्षांचा. गेल्या वर्षी त्याच्याजवळच्या वर्गणीतले 11,400 रुपये कमी भरले. तो फोनवरून एका बुकीकडे महालक्ष्मीच्या घोड्यांवर पैसे लावीत होता. आमच्यापुढे उभा राहून तो म्हणाला, "भाऊ, एक रविवार द्या. घोडा पक्का आहे. सगळं फेडतो."

कमिटीत दोन तट पडले. चोरी ती चोरी, पोलिसांत द्या आणि नाव काढून टाका, असे बहुतेकांचे मत. त्यांचे म्हणणे चूक होते, असे आम्ही म्हणणार नाही. ते पैसे झाडू मारणाऱ्या बायांच्या पदरातले होते. आम्ही घरून तात्यांची वही नेली आणि ती बेरीज सभासदांस दाखविली. मग दोन प्रश्न ठेवले. रोख रक्कम एकाच माणसाजवळ महिनोन्‌महिने राहते आणि तपासणी होत नाही, हा दोष कोणाचा? आणि या पोराला बहिणीच्या बाळंतपणासाठी पैसे हवे होते, तेव्हा युनियनकडे कर्ज देण्याची काय सोय होती? दोन्ही प्रश्नांवर सभा गप्प राहिली. सहकारी पतपेढीचा कायदा या देशात 1904 मध्ये झाला, आणि आम्ही आमच्या सभासदांसाठी साधी पतपेढी काढली नव्हती.

शेवटी मतांना टाकले. वर्गणीचे काम त्याच्याकडून काढून घेतले, सभासदत्व ठेवले, आणि दरमहा 950 प्रमाणे बारा हप्त्यांत रक्कम भरावी, असे ठरले. ठराव दोन मतांनी पास झाला. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघांनी मिळून रोकड मोजावी, असाही नियम केला. पतपेढीच्या नोंदणीसाठी सभासदांच्या सह्या घेणे सुरू आहे. आजवर सात हप्ते आले. 4,750 रुपये बाकी आहेत. तो पुन्हा खेळतो की नाही, याची आम्ही रोज विचारणा करीत नाही. दर महिन्यास मात्र त्याच्यासमोर बसून त्याचा जमाखर्च लिहितो, आणि त्यात बुकीचे आणि सावकाराचे खाते वेगळे ठेवू देत नाही.

महालक्ष्मीच्या मैदानाचा 1914 पासूनचा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, आणि 2024 मध्ये सुमारे 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. क्लबकडे 91 एकर राहिली. भोवतालच्या कित्येक गिरण्यांच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत. त्या इमारती झाडणाऱ्यांची, त्यांच्या दारावर उभे राहणाऱ्यांची पगाराची तारीख अजून ठरलेली नसते, आणि त्यांच्या व्याजाचा दर तात्यांच्या वहीतल्या दराहून फारसा निराळा नाही. उद्यान होईल तेव्हा आपण सारे तेथे फिरावयास जाऊ. परंतु तोपर्यंत प्रत्येक कामगार संघटनेने पगाराची तारीख आणि कर्जाची सोय, या दोन गोष्टी आपल्या मागणीपत्रात पहिल्या लिहाव्यात आणि त्यांचा हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

तात्यांची वही आम्ही येथे आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल, त्यांनी अवश्य पाहावी. पाने जीर्ण झाली आहेत, एवढे सांभाळावे.